सुजलेल्या बोटातलं जोडवं

माझ्या डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट पाहून नातसुना तोंड फिरवतात. फिरवू द्या. मला स्वतःलाच त्याची शिसारी येते. वाळल्या आल्यासारखं वाकडं, काळंनिळं, शेजारच्या बोटावर चढून बसलेलं. पावसाळ्यात त्याच्या बेचक्यातून अजून पाणी सुटतं आणि त्या पाण्याला आंबलेल्या ताकाचा वास येतो. वहाण चढत नाही. देवळात बाया माझ्या पाया पडायला वाकतात आणि अर्ध्यातूनच सरळ होतात.

हे सगळं कशापायी? मिरवण्यापायी.

तेव्हा कुठल्याशा दूरच्या मुलुखात लढाई जुंपली होती म्हणे, आणि इकडे वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. आलेली चांदी कुठं ठेवावी हे कुणब्यांना कळेना, म्हणून त्यांनी ती बायकांच्या अंगावर ठेवली. माझ्या बापानं अकोल्याहून जोडवी घडवून आणली. अशी जाड, की बैलाच्या शिंगातही शोभली असती. मी अमरावतीजवळच्या सासरी नवी आले होते, अक्कल माहेरीच विसरले होते. वहाणेत जोडवी नीट दिसत नाहीत, म्हणून ही शहाणी वावरात अनवाणी निघाली. तिथली कापसाची पऱ्हाटी विळ्यानं कापून नेलेली, तिरपे खुंट तेवढे भाल्यांसारखे उभे. मी मान वळवून पाहत होते, धुऱ्याच्या बांधावरच्या बाया माझ्या पायांकडे पाहतात की नाही. पाहत होत्या. त्यांच्या देखतच खुंट जोडव्याखालून बोटात शिरला.

चार दिवसांत बोट वांग्यासारखं फुगलं, जोडवं मांसात बुडालं. भाजलेला कांदा बांधून झाला, हळद-तेल झालं. शेजारची एक म्हातारी तंबाखू चघळून त्यावर थुंकली. ते आठवलं की अजून घास वर येतो. माशा माझ्यामागून चुलीपर्यंत यायच्या. उंदीर मेल्यागत वास घरभर.

वैद्य म्हणाला, जोडवं काढा, नाहीतर पाय सडेल.

"सडू द्या," आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या. "सवाष्णीचं जोडवं एकदाच उतरते."

ते एकदा म्हणजे नवरा गेल्यावर, हे कुणी सांगावं लागत नव्हतं. आणि मी? तापानं फणफणत "आत्याबाईचं बरोबर हाये" म्हणून माना हलवत होते. नवऱ्याच्या जिवाची काळजी थोडी, अशी जोडवी गावात दुसरीची नाहीत ही काळजी जास्त.

शेवटी नवऱ्यानंच मला गाडीत घालून अमरावतीच्या सोनाराकडे नेलं. आत्याबाई बरोबर आल्याच. सोनारानं नाकाला पंचा लावला, बोट पाहिलं आणि कानस खाली ठेवली. "बाईचा मालक जिता हाये. हे पाप मले नका लावू."

"मालक तुमच्या म्होरंच बसून राहिला," आमचे हे म्हणाले. "मले इचारा ना, मराचं हाये का नाई."

त्यांनी कानस उचलली आणि माझा घाणेरडा पाय मांडीवर घेतला.

गाडीतून आत्याबाई ओरडल्या, "आपल्याच हातानं तिचं कुकू पुसून राहिला कारे?"

"नाई व माय, पाय पुसून राहिलो."

कानस घासत राहिली, मी गुरासारखी ओरडत राहिले. जोडवं तटकन तुटलं आणि पू उडाला, धोतरावर, त्यांच्या मिशीवर. सोनार बाहेर पळाला, ओकायला. पाय वाचला म्हणून मी देवाचं नाव घेतलं असेल? छे. "तेवढे तुकडे घ्या जी उचलून," मी म्हटलं, "चांदी हाये."

बोट मात्र हे असं राहिलं, पुन्हा जोडवं चढलंच नाही. उजव्या पायात होतं, नजरा डाव्यावर. हळदीकुंकवाला बायांचा हात माझ्या कपाळापाशी येऊन अडखळायचा. आपल्या लेकाला शिंक आली तरी आत्याबाई आधी माझ्या पायाकडे पाहायच्या.

तो लेक अजून आहे. दात गेले, कान गेले, नाक तेवढं शाबूत. पावसाळ्यात माझं बोट पाझरायला लागलं की ओसरीवरून आरोळी येते, "काय व, कशी घाण सुटली तुया पायाले! मरतो मी या वासानं!"

"मरा ना जी," मी म्हणते. "उतरवाचं जोडवं तं तुमी कवाच उतरवलं."