न वाजणारी पावलं

माझ्या हॉस्टेलच्या खोलीतल्या जोडीदारणीइतकं भीतिदायक आणि तिच्याइतकं मायाळू माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरं झालं नाही, हे मी तुम्हां नातवंडांना छातीठोकपणे सांगते. ती चंदगडची. तिकडच्या पावसात चामडं टिकत नाही म्हणून बारा महिने अनवाणी. त्यामुळे ती कधी यायची नाही, एकदम असायची. पाठ वळवून पुन्हा पाहावं तर कपाटाशेजारी उभी, पापणीही न हलवता. तिला पाहून मेसच्या मावशींच्या हातून आमटीचं पातेलं दोनदा सुटलं. शेवटी त्यांनी दाराला लिंबू-मिरची बांधली. हिने लिंबू सोडवून पोह्यांवर पिळलं आणि मिरची तोंडी लावली.

त्या काळी आम्ही सगळ्या करकर वाजणाऱ्या कोल्हापुरी चपला घालायचो. प्रत्येक जोडाची करकर वेगळी, आणि साऱ्या हॉस्टेलच्या चपला तिला पाठ होत्या. पुस्तकातून मान वर न करता ती सांगायची, कोण आली, कोण जेवली नाही, कोणाला घरचं पत्र आलं. कुणाची चाल बदलली, की सुपात गावाकडचे भाजलेले काजू घेऊन ही तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसे. प्रश्न नाही, सल्ला नाही, नुसती सोलत बसायची. लग्न मोडलेली एक मुलगी दार लावून पडली होती. तिसऱ्या दिवशी तिनेच दार उघडलं. "दोन दिवस बाहेर बसलीयास, मला भ्या वाटाय लागलंय. आत तरी ये की," म्हणाली आणि हिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली.

मला हे सगळं खुळेपणाचं वाटे. माझं वेळापत्रक भिंतीवर, पेन्सिली टोकदार, इंग्रजीत पहिला नंबर. दुसऱ्या वर्षी तो नंबर गेला, आणि वडिलांनी पत्र लिहिणं थांबवलं. मी कुणाजवळ बोलले नाही. वेळापत्रक तसंच पाळलं, फक्त त्यात दुपारी चारला रंकाळा तलाव घातला. रोज एकटी जाऊन पाण्याच्या पायऱ्यांवर उभी राहायचे. रोज आदल्या दिवसापेक्षा एक पायरी खाली.

एके दुपारी निघाले तर डावी चप्पल नाही. जोडीदारीण तिच्या खाटेवर बसलेली, चप्पल मांडीवर. मी मागितली.

"न्हाय देत. जाताना वाजत्या ही. येताना वाजत न्हाय."

मी पायातल्या उजव्या चपलेकडे पाहिलं. चामडं भिजलं की वाजत नाही. मी किती खाली उतरत होते, ते माझ्याआधी तिला कळलं होतं.

"जायाचं तर एक चप्पल घालून जा की," ती शांतपणे म्हणाली.

एका चपलेने रस्त्यावर जाणं माझ्या शिस्तीत बसेना. मी तिथेच खाली बसले आणि पहिल्यांदा सगळं बोलले. तिने ऐकलं, काजू सोलले, आणि शेवटी एवढंच म्हणाली, "उद्या मी बी येतो. वरच्या पायरीवर बसू."

पुढे महिनाभर डावी चप्पल तिच्या ट्रंकेत राहिली. सकाळी कॉलेजला आणि दुपारी चारला ती काढून द्यायची, आणि चारला सोबत यायची. तिला तास असला, की ती लग्न मोडलेली मुलगी यायची. वडिलांचं पत्र आलं त्या दिवशी चप्पल माझ्या खाटेखाली जोडीने ठेवलेली होती.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. तुम्ही इतक्या लांबून फोनवर "आम्ही मजेत" म्हणता, आणि मला तिच्यासारखा कान नाही. दुपारी चारला मात्र माझ्या उंबऱ्यावर कोणीतरी येऊन बसतं. पावलं वाजत नाहीत, तेवढ्यावरूनच मी ओळखते. आणि दार उघडं ठेवते.