यशोदावयनीची दोन कालवं

यशोदावयनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मिठबावच्या खाडीत कालवं काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण हे मी तिच्या तोंडावर कधी बोललो नाही. मी पडलो धाकटा दीर, माझं काम चेष्टा करायचं. मी त्या खाडीत तर चालवायचो, म्हणजे होडीतून माणसं या तीरावरून त्या तीरावर सोडायचो. सुकतीला पाणी ओसरलं की वयनीला खडपावर, म्हणजे उघड्या पडलेल्या खडकांवर, उतरवून यायचो. तिथे ती उकिडवी बसून लोखंडी सळीने दगडाला चिकटलेली कालवं फोडायची. भाऊ लवकर गेला. दोन मुली तिने त्या सळीवर वाढवल्या आणि सळीवरच उजवल्या.

तिची एक खोड होती. कालव फोडायच्या आधी ती त्यावर सळी एकदा टक् करून वाजवायची, कान द्यायची, मग फोडून आतलं मांस कधी डाव्या डब्यात टाकायची, कधी उजव्या. विचारलं की म्हणायची, "ही दोन जातीची आसत. एक खणखणीत वाजता, एक बद्द वाजता. बद्द वाजता ता नारळी पुनवेच्या आधी भरता, दुसरा मागसून." हे तिला तिच्या सासूने, म्हणजे माझ्या आईनेच शिकवलेलं. मला आईने कधी शिकवलं नाही, कारण मी ऐकून घेणाऱ्यांतला नव्हे. मीही वाजवून बघितलं होतं. मला सगळी सारखीच वाजायची, आणि दिसायलाही सगळी सारखीच वेडीवाकडी. तीस वर्षं मी तिला विचारत आलो, "वयनी, ह्यांचो जातीचो दाखलो खंयच्या तहसीलदाराकडसून हाडलात?" अख्खी होडी हसायची. वयनी मान फिरवून पाण्याकडे बघत बसायची.

२००४ च्या दिवाळीनंतर योगिनी आली. मूळची कुडाळकडची मुलगी, पुण्याला राहून कालवांवर मोठी परीक्षा करत होती. कालवांवर परीक्षा असते हेच मला तेव्हा कळलं. ती सांगायची की कालवाचा आकार बघून जात सांगता येत नाही, ते ज्या दगडावर बसतं त्या दगडासारखं होतं, त्यामुळे मोठमोठे शास्त्रज्ञही फसलेत. खरं काय ते मांसाच्या कणात लिहिलेलं असतं. तिथे चार अक्षरं आहेत, तीच चार पुन्हा पुन्हा, कोट्यवधींनी. आईकडून पोराकडे त्यांची नक्कल होत जाते, आणि नक्कल करताना कोट्यवधींत एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या पिढीत तशीच उतरते. दोन कालवांच्या अक्षरांत किती फरक पडलाय ते मोजलं की त्यांची वाट कधी वेगळी झाली त्याचा अंदाज येतो.

मी म्हटलं, "बाय माझे, खाडीत इतक्या वर्षांचा कोण लिवन ठेवता?" ती म्हणाली, "कालवच ठेवता, काका."

वयनीचं दोन जातींचं तिने हसण्यावारी नेलं नाही. दोन वर्षं ती सुट्टीसुट्टीला येत राहिली. वयनी वाजवून जात सांगायची. मग योगिनी कालवाचा एक चिमूटभर तुकडा स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. बाटलीवर नुसता आकडा. शिंपीवर तोच आकडा, आणि रंगाचा ठिपका: खणखणीतला तांबडा, बद्दला पांढरा. जात कुठली हे फक्त शिंपीवरच ठेवायचं, बाटलीवर किंवा वहीत नाही, असं तिच्या सरांनी बजावलं होतं. प्रयोगशाळेतल्या माणसाला आधी कळलं तर त्याची नजर बिघडते म्हणे. बाटल्या कुडाळवरून गाडीने जायच्या. शिंप्या वयनीच्या पडवीत गोणीत साठत होत्या. दोनशेच्या वर झाल्या होत्या. हे सगळं मला मागाहून कळलं, मी आपला दोघींना खडपावर उतरवून परत फिरायचो.

आता माझं ऐका. आमच्याकडे कालवाची शिंपी घरात ठेवत नाहीत. मांस काढलं की शिंप्या खाडीत खडपावर परत नेऊन टाकायच्या. कालवाचं पिल्लू बसतं ते जुन्या शिंपीवर. शिंपी नाही तर पुढल्या साली कालव नाही, हे आम्हाला दूध पितानाच शिकवतात. २००६ च्या नोव्हेंबरात वयनी तापाने अंथरुणाला खिळली. मी पडवीत गेलो तर ही गोणी. मला वाटलं, बिचारीच्या हातून राहून गेलं, आपण करू. गोणी होडीत घातली आणि सगळ्या शिंप्या मूठमूठ करून खडपावर पसरल्या. ठिपके दिसले मला, खोटं बोलत नाही. वाटलं पोरांनी खेळायला रंगवल्या असतील. परत येऊन वयनीला ऐटीत सांगितलं, "तुमचा काम मी करून इलंय." तिने तापातच डोळे उघडले आणि म्हणाली, "भावजीनू, काय केल्यात ह्यां."

आठ दिवसांनी योगिनी आली ती उड्या मारतच. मांसातली अक्षरं वाचून झाली होती. कालवांचे खरोखरच दोन गट पडत होते, स्वच्छ दोन. आता फक्त शिंप्यांवरचे ठिपके लावून बघायचे, की ते दोन गट आणि वयनीच्या दोन जाती एकच आहेत का. मी तिला सांगितलं. ती पडवीच्या पायरीवर बसली आणि रिकाम्या गोणीकडे बघत राहिली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. आम्ही तीन सुकत्या खडपावर शोधलं. गाळाने आणि शेवाळाने सगळं झाकून टाकलं होतं. सतरा शिंप्या सापडल्या, त्यातल्या पाचांचा रंग टिकलेला.

सरांनी पुण्याहून फोनवर तिला सांगितलं की पाच शिंप्यांवर आणि एका बाईच्या शब्दावर शास्त्र उभं राहत नाही. शिष्यवृत्ती मार्चला संपत होती. नवे नमुने एकदाच तपासता येतील, चाळीस, त्याहून जास्त नाही. त्यात जमलं तर ठीक, नाहीतर दोन जातींचा विषय प्रबंधातून काढायचा. म्हणजे मुलीची दोन वर्षं पाण्यात, आणि यशोदा नावाची बाई जन्मभर उगाच दगड बडवत बसली असं ठरणार. दोन्ही माझ्यामुळे.

जानेवारीत पाणी चांगलं ओसरलं त्या दिवशी दोघींना खडपावर नेलं. वयनी बसली. सळीने पहिलं कालव वाजवलं. पुन्हा वाजवलं. मग सळी मांडीवर ठेवून म्हणाली, "माका आयकूक येणा नाय."

तापात तिचे दोन्ही कान वाहिले होते. घरात मोठ्याने बोललेलं तिला कळायचं, म्हणून आम्हा कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. योगिनीचा चेहरा पांढरा पडला. ती म्हणाली, "असू दे काकी, नाय तर नाय." इतकं शहाण्यासारखं बोलली. मी स्वतःवरच इतका तापलो की होडीतलं वल्हं उचलून पाण्यावर आपटलं.

वल्हं हातात होतं म्हणूनच सुचलं असेल. माझा बाप मासे ऐकायचा. ढोमा नावाच्या माशांचा थवा पाण्याखाली घुरघुरतो. तो वरून ऐकू येत नाही. बाप वल्हं पाण्यात उभं धरायचा आणि त्याची मूठ दातांत पकडायचा. म्हातारपणी ठार बहिरा झाला होता, तरी दातांनी थवा कुठे आहे ते सांगायचा. मी वयनीपुढे जाऊन बसलो. म्हटलं, "सळी दातात धरा. दुसरा टोक कालवार टेकवा. गुंडो मी मारतंय."

तिने पदराने सळी पुसली आणि दातांत धरली. मी लहान गुंडा, म्हणजे गोटा, घेऊन कालवावर हलकेच मारला. ती डोळे मिटून होती. मी आणखी एकदा मारला. तिचे डोळे उघडले आणि भरून आले. तोंडातून सळी काढून म्हणाली, "ह्या बद्द."

पाणी चढेपर्यंत आम्ही चाळीस कालवं केली. मी मारायचो, ती सांगायची, योगिनी आकडे घालायची. बावीस खणखणीत, अठरा बद्द. तेरावं होतं तेव्हा तिने मला चार वेळा मारायला लावलं. मी म्हटलं, "वयनी, अंदाजान सांगा." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पाचव्यांदा मारलं. या वेळी शिंप्यांची गोणी योगिनीने स्वतःच्या मांडीवर घेऊन कुडाळला नेली. माझ्याकडे दिली नाही, आणि बरंच केलं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ती परत आली. मी होडी बांधत होतो. मला वाटलं चेहऱ्यावरून कळेल, पण काही कळेना. वयनी खळ्यात कोकमाची सोलं सुकत घालत होती. योगिनी तिच्यापुढे मांडी घालून बसली, तिच्या कानाजवळ तोंड नेलं आणि म्हणाली, "काकी, चाळीसात चाळीस."

वयनीने हातातली सोलं सुपात ठेवली. मग योगिनीने कागद काढला. एका ओळीत एका कालवाची अक्षरं, खालच्या ओळीत दुसऱ्याची. तिने ती मोठ्याने वाचली, दोन्ही ओळी एकाखाली एक. कितीतरी वेळ सारखंच चाललं होतं. आणि एका जागी वयनीने हात वर केला, "हय. हय बदलला." पुढे आणखी एका जागी. तिला लिहितावाचता येत नाही, पण एकही फरक तिच्या कानातून सुटला नाही.

"कधी येगळी झाली ही?" तिने विचारलं.

"पंधरा-वीस लाख वर्सां झाली असतीत. त्याच्या आधी दोघांची आवय एकच."

"तेवां हय कोण होता?"

"आपल्यासारखो माणूस जन्माकच येवूक नव्हतो, काकी."

वयनी खाडीकडे बघत राहिली. मीही बघितलं. साठी गाठली मी त्या पाण्यावर, पण त्या दिवशी मला त्याची भीती वाटली, देवळात वाटते तशी. जिथे कोणी बघणारं नव्हतं, ऐकणारं नव्हतं, तिथे ही दोन एका दगडावर शेजारी शेजारी बसून आपापली अक्षरं पुढे देत राहिली होती. योगिनी म्हणाली की तीच चार अक्षरं आपल्यातही आहेत, आंब्याच्या झाडातही आहेत, आणि वयनीचे कान ज्याने वाहवले त्या रोगाच्या किड्यातही. खूप मागे गेलं तर सगळ्यांची आई एकच निघते. वयनीने माझ्याकडे बोट केलं, "म्हणजे भावजी आणि कालव पण?" योगिनी म्हणाली, "पण." वयनी म्हणाली, "कालव बरा. तोंड मिटून तरी बसता." मी हसलो. ती पाळी तिचीच होती.

निघताना योगिनीने वही उघडून दाखवली. तिच्या सरांनी सही केलेली पानं. आकडा, जागा, तारीख, जात, आणि शेवटच्या रकान्यात ओळखणाऱ्याचं नाव. वयनीने त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हय काय लिवला?" योगिनी सांगणार, तेवढ्यात वयनी म्हणाली, "तू नको. भावजी वाचतीत."

मी चौथी शिकलेला. वही हातात घेतली. "यशोदा," मी वाचलं. खाली पुन्हा यशोदा. त्याच्याखाली पुन्हा. आठ-दहा झाली तेव्हा मला होडीतलं हसणं आठवलं, तीस वर्षांचं, आणि ते ऐकत पाण्याकडे बघत बसलेली ही बाई. लाज वाटली, सरळ सांगतो. मी वही मिटायला गेलो.

"थांबू नकात," वयनी म्हणाली. "चाळीस आसत."

ती जवळ सरकली आणि कान माझ्या तोंडाशी आणला. मी चाळीस वेळा मोठ्याने वाचलं.