सात छिद्रांवरचे गंध

रुग्णालयातल्या टॅबसाठी मी कव्हरे बनवतो. खाटेशेजारच्या मॉनिटरचे आकडे या टॅबवर उमटतात, आणि रोग्याच्या रक्तातला प्राणवायू घटला की टॅबच ओरडतो. तो हातातून पडतो, त्याच्यावर सलाईन सांडते, दिवसातून अनेकदा त्याला जंतुनाशकाने पुसतात. या सगळ्यातून तो वाचावा, असे जाड रबरी कव्हर मी राजवाड्यामागच्या माझ्या छोट्या कारखान्यात, तंजावूरच्याच एका खासगी रुग्णालयासाठी घडवले होते. आवाज बाहेर यावा म्हणून वरच्या कडेला, बरोबर मध्यावर, एक गोल खळगी आणि तिच्यात सात बारीक छिद्रे ठेवली. ती खालीही ठेवता आली असती. पण वर शोभत होती.

आमच्या घरी जिला खंडेनवमी म्हणतात, तिला गावात सारे आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी शिवणयंत्रापासून बसपर्यंत प्रत्येक साधनाला चंदन-कुंकू लागते आणि ते दिवसभर विसावते. रुग्णालयाच्या यंत्रांना विसावा नसतो; ती गंध लावून तशीच कामाला लागतात. मला मानाने बोलावले होते. वॉर्डातल्या एका सिस्टरनी, ज्या पापनाशमहून रोज बसने येत, चंदनाची वाटी माझ्यापुढे धरली.

"सार, पहिले गंध तुमच्या हातचे."

"कुठे लावू?"

"हे काय विचारणे! कपाळ तुम्हीच दिलेत की त्याला." सगळ्या हसल्या. "हळू हं. आमचे बाळ आहे, ओरडेल."

मी अनामिकेने त्या खळगीत दाट चंदन भरले, वर कुंकू टेकवले. बाकीच्या टॅबना इतर सिस्टरनी तसेच लावले. वीस वर्षे साचे करणाऱ्या मला त्या क्षणी एवढेही सुचले नाही, की हे कपाळ नव्हे, तोंड आहे.

दोन दिवसांनी सकाळी एका वृद्धाचा प्राणवायू घटला. टॅब ओरडला, पण वाळलेल्या चंदनाआडून; पुसताना पूजेच्या गंधाला कुणी हात लावत नव्हते. पापनाशमच्या सिस्टर शेजारच्या खोलीत होत्या. त्यांना काही ऐकू आले नाही. वृद्धाच्या मुलीने वडिलांचे निळे पडलेले ओठ पाहून आरडाओरडा केला, म्हणून ते वाचले. सिस्टरनी आवाज कमी करून ठेवला असावा, असा सर्वांनी तर्क केला. तपासणीसाठी टॅब माझ्याकडे देताना त्या म्हणाल्या, "मी आवाजाला हात लावलेला नाही, सार. तुम्ही पाहा, तुम्हाला कळेल."

मला कळले. टेबलावर बसून मी सातही छिद्रे सुईने मोकळी केली, ओल्या कापसाने खळगी पुसली आणि कागदावर लिहिले, 'कव्हरमध्ये दोष आढळला नाही.' लिहिताना ते वाक्य खरे होते. सुईने मीच ते खरे करून घेतले होते. सिस्टरना कामावरून काढले.

पश्चात्ताप मी त्यानंतर मराठीत कितीदा तरी लिहिला. घरात देवनागरी वाचणारा मीच एकटा उरलो आहे, तेव्हा त्या लिहिण्यात जोखीम नव्हती. दिवाळी झाल्यावर मी पापनाशमला गेलो. सिस्टरनी कॉफी पुढे ठेवली आणि सारे ऐकून घेतले. माझे डोळे भरून आले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ते राहू द्या, सार. मला कागद द्या. तमिळमध्ये, सहीसकट."

चार ओळी लिहायला मला कॉफी निवेपर्यंतचा वेळ लागला. त्यांनी त्या उभ्यानेच वाचल्या.

"बाकीच्या टॅबवरचे गंध काढलेत का?"

"माहीत नाही," मी म्हणालो. त्या टॅबविषयी मी कुणाला विचारलेच नव्हते. विचारणे म्हणजे कबूल करणे होते.

"महिनाभर?" त्यांचा आवाज प्रथमच चढला. "माझी नोकरी गेली ती गेली. त्या खाटांवर माणसे आहेत ना, सार? उठा. पुढची बस पकडा."

दाराशी आल्यावर त्या पुन्हा म्हणाल्या, "आणि गंध लावू नका म्हणून कुणी ऐकणार नाही. त्याला जागा वेगळी द्या."

त्याच दुपारी मी कागद रुग्णालयात दिला आणि वॉर्डात सर्वांसमोर सुई काढली. चार टॅबच्या छिद्रांत चंदन दगडासारखे घट्ट बसले होते. एक तरुण सिस्टर म्हणाली, "पूजेचे गंध असे खरवडू नये, सार." त्याचे कारण मला तिला मोठ्याने सांगावे लागले.

रुग्णालयाने पापनाशमच्या सिस्टरना परत बोलावले. त्या आल्या नाहीत. नव्या कव्हराची छिद्रे मी खालच्या कडेला नेली आहेत. वर मध्यावर गोल खळगी तशीच ठेवली आहे, पण तिच्यात एकही छिद्र नाही. रुग्णालयात सगळे माझ्या कल्पकतेचे कौतुक करतात. ही कल्पना कुणाची, हे मी दर वेळी सांगतो. ते ऐकायला कुणी थांबत नाही.