वकिलातीने केलेली वाटणी

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. यात चर्चा नसते. सातव्या महिन्यात लेकीने यायचं, जावयाने तोंड पाडून निरोप द्यायचा आणि आईने डिंक-खारकांच्या मागे लागायचं. पण माझी लेक परदेशात नोकरीला, आणि डॉक्टरांनी तिला विमानात बसायला बंदी केलेली. तेव्हा माहेरानेच उठून तिच्याकडे जायचं ठरलं. माहेर म्हणजे मी आणि आमचे मालक. त्यासाठी मुंबईतल्या त्या देशाच्या वकिलातीत जाऊन एका साहेबाला पटवायचं होतं, की आम्ही तिकडेच ठाण मांडणार नाही, परत येऊ.

हा प्रश्नच मला कळेना. परत नाही येणार तर जाणार कुठे? हट्ट्याजवळचं आमचं रान, काढणीची हळद, गोठ्यातली जनावरं, घरात दादा, जाऊबाई, पुतणे, सुना. हे सगळं टाकून परक्या मुलखात बसून मी काय करू, बर्फ बघू?

दादा म्हणजे माझे थोरले दीर. सासरे गेले तेव्हा थोरला म्हणून सातबाऱ्यावर त्यांचं एकट्याचं नाव लागलं, आणि तसंच राहिलं. गावात सख्खे भाऊ हातभर बांधासाठी कोर्टात गेले, एकमेकांची डोकी फोडून आले. आमच्या घरात वाटणी हा शब्द कधी कुणी तोंडातून काढला नाही. एक चूल, एक खळं. सोयरीक जमवताना लोक आमच्या घराचं उदाहरण देत. मालकांना त्याचा भारी तोरा होता.

वकिलातीत पिशवी बाहेर ठेवायला लावली, मोबाइल बाहेर ठेवायला लावला, पदराला लावलेली सेफ्टी पिनसुद्धा तपासली. आत बसायच्या दालनात भिंतीवर जुनी चित्रं होती आणि त्यांच्याखाली वकिलातीचा इतिहास, मराठीतसुद्धा. त्यांचे व्यापारी गलबतं घेऊन मुंबईला कापसासाठी यायचे. त्यातला कुणी आजारी पडला, कुणाचं जहाज बुडालं, तर आपल्या माणसाकडे परमुलखात बघायला कुणीतरी हवं म्हणून ही वकिलात काढली. मी ते दोनदा वाचलं. मला बरं वाटलं. म्हटलं, अगदी याच कामासाठी तर आम्ही आलोय. आमचं माणूस परमुलखात आहे.

काचेमागे पोरसवदा साहेब होता. शेजारी मराठी बोलणारी बाई, शब्द अगदी इस्त्री केलेले.

“शेती किती?” तिने विचारलं.

“तीस एकर हाय. निम्मं बागायती,” मालक म्हणाले.

“तुमच्या नावावर किती आहे?”

मालक ताठ झाले. जणू याच प्रश्नासाठी ते मुंबईला आले होते. “माझ्या नावावर गुंठाबी न्हाई साहेब. समदं दादाच्या नावावर. आमी अजून वेगळे न्हाई झालो.”

“आणि बाईंच्या नावावर?”

“तिच्याबी न्हाई,” हेही त्यांनी तेवढ्याच अभिमानाने सांगितलं.

बाईने ते इंग्रजीत सांगितलं, सगळं सांगितलं असेल. साहेबाने मात्र ऐकायचं तेवढंच ऐकलं. त्याने एक छापील कागद खिडकीतून सरकवला. तुमच्या देशाशी तुमचे पुरेसे बंध दिसत नाहीत, सबब व्हिसा नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बंध नाहीत? अरे, इतके बंध आहेत की एवढ्या वर्षांत कुणाला कागद करून घ्यावासा वाटला नाही! भावाच्या डोक्यात काठी घालणारा आमचा शेजारी इथे आला असता, तर त्याच्या नावावरचे सात एकर बघून तुम्ही त्याला आनंदाने पाठवला असता. आम्ही काय हातावर तुरी देऊन पळणारी माणसं? आणि तुमचे ते कापूसवाले आले, तेव्हा बंदरावर कुणी विचारलं होतं का, की बाबा तुझ्या गावी तुझ्या नावावर किती आहे, तू परत जाशील ना? हे सगळं मी मनात बोलले. काचेपलीकडे तसंही ऐकू गेलं नसतं.

घरी आल्यावर दादांनी विचारलं, “काहून न्हाई म्हनले?”

सांगावं लागलं. दादा म्हणाले, “म्हंजे माझ्या नावापायी पोरीचं बाळंतपण अडलं व्हय?”

“तसं न्हाई, दादा,” मालक म्हणाले.

“तसंच हाय. वाटणी करून टाकू.”

जाऊबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. मालक म्हणाले, वाटणी होणार नाही, बाळंतपण तिची सासू करील. त्यावर दादा उसळले. “सासूचं सोड. पोरगी आपल्या घरची हाय. तिला तकलीफीत एकलीला टाकतो का?”

वसमतच्या तहसिलीत खेटे दादांनीच घातले. कालव्याकडचं काळं रान आम्हाला दिलं आणि वरचा माळ स्वतःकडे ठेवला. सही करताना मालक लहान लेकरासारखे रडले. गावात कुणाला खरं वाटेना. व्हिसासाठी कुणी भाऊ तोडतं का, आतून काहीतरी असणार, असं पारावर ठरलं. पाहुण्यांचे समजूत घालायला फोन आले. एका पुतण्याने विचारलं, बांध कुठून घालायचा. दादांनी त्याला शिव्या घातल्या. पण त्याने विचारलं होतं.

लेकीला आठवा लागला तेव्हा आम्ही पुन्हा त्या काचेपुढे उभे राहिलो. या वेळी मॅडम होत्या, आणि मराठी सांगणारा एक मुलगा.

“कशासाठी जाताय?”

“लेकीच्या बाळंतपणाला,” मी म्हणाले.

“पहिलं?”

“व्हय.”

मॅडम हसल्या. व्हिसा मंजूर, असं त्या मुलाने सांगितलं. शेताचं नाव नाही, गावाचं नाव नाही, काही नाही. मला आनंद झाला होता आणि त्याच वेळी काहीतरी फोडावंसं वाटत होतं.

मालक मात्र खिडकीपासून हलेनात. त्यांनी पिशवीतून नवा कोरा सातबारा काढला आणि काचेला लावून धरला.

“मॅडम, हे बघा की.”

“काका, त्याची गरज नाही,” तो मुलगा म्हणाला. “झालं तुमचं काम. या आता.”

“बघा तरी एकदा. भाऊ वेगळा केलाय मी याच्यासाठी.”

मॅडम पुढच्या माणसाचा पासपोर्ट उघडत होत्या.