जास्तीच्या दोन कवड्या

सासूबाईंच्या माघारी देवीची कवड्यांची माळ माझ्या गळ्यात आली. दर मंगळवारी ती घालून मी पूजा करते. गेल्या वर्षी ती गळ्याला काचायला लागली. दोरा धुऊन धुऊन आखडला असेल असं मी धरून चालले आणि तिसगावच्या बाजारात दोन कवड्या वाढवून घेतल्या. चार महिन्यांत ती पुन्हा काचली! आता मात्र मनात पाल चुकचुकली. देवी रागावली का? माझी सेवा तिला नको झाली का? पूजेला बसले की रडूच यायचं.

पुन्हा बाजार गाठला. माळा ओवणाऱ्या आजींनी दोरा ओढून पाहिला, मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "दोरा न्हाई आखडला बाई, गळा वाढलाय तुजा." त्यांनी स्वतःच्या गळ्यावरचा पदर बाजूला केला. गळ्यावर आडवा व्रण होता. "मलाबी गाठ हुती. उद्याच नगरला जाऊन दाखव. माळ मी न्हाई वाढवनार." आणि खरंच, माळ तशीच माझ्या हातात परत ठेवली! संताप आला मला, पण दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरली.

थायरॉईडचा कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा बायकांत जास्त दिसतो. बहुतेक जणी बऱ्या होतात, आणि तुम्ही लवकर आलात." बाहेर बाकावर पाहिलं तर बहुतेक बायकाच, माझ्याच वयाच्या, पदराने गळा झाकलेल्या. बोलायला लागलो. काष्टीच्या एकीची गाठ लेकीच्या नजरेला पडली होती, कोल्हारच्या एकीला स्वतःच्याच फोटोत दिसली होती. माझ्या अंगावर काटा आला! प्रत्येकीला कुणी ना कुणी निरोप दिला होता. माझा निरोप तर देवी कितीतरी महिने माझ्या गळ्यातच देत होती, आणि मी दोरा वाढवत बसले होते. भीती गेली असं नाही, पण देवी रागावली आहे हा विचार पार पुसला गेला. ऑपरेशनला नेताना एवढंच म्हणाले, आई, आता तूच धर.

गाठ निघाली. ऑपरेशननंतर बसलेला आवाजही महिन्याभरात परत आला. आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, मग पूजा. जखम भरल्यावर तडक तिसगावला जाऊन आजींच्या पाया पडले. "माज्या कशाला पडतीस? मान वर कर," म्हणत त्यांनी माप घेतलं आणि दोन कवड्या काढल्या. माळ घातली, मान वळवून पाहिली. कुठेही काचली नाही! भर बाजारात मी मोठ्याने देवीचा उदो केला.

त्या दोन कवड्या आता देवघरात आहेत. माझंच खरं करावंसं वाटलं, की त्या हातात घेते आणि गळ्यावरून हात फिरवते.