सातवा जिन्नस

अमेरिकेत शिकागोजवळच्या शॉमबर्ग गावच्या मराठी मंडळात पद्मजामावशींचे डिंकाचे लाडू प्रसिद्ध होते. इतरांचे वळतानाच फुटत. मावशींचे मात्र गाडीच्या डिकीतून खड्डे खात शिकागोपर्यंत जाऊनही गोल ते गोलच उतरत. कृती विचारली की त्या मोकळेपणाने सांगत, "सासूबाईंची आहे, नागपूरची. त्यात लपवायचं काय?" आणि सहा जिन्नस सांगून थांबत. अकरा वर्षं बायका त्या सहा जिन्नसांशी झुंजत होत्या. फार्मसीत काम करणाऱ्या नीलांबरीने तर गूळ औषधाच्या काट्यावर तोलून पाहिला होता.

२००६च्या मे महिन्यात मावशींच्या यजमानांनी, उल्हासकाकांनी, घरी एक बेसबॉलपटू आणला. गावात व्यावसायिक खेळाडूंचा एक लहानसा संघ होता. पगार बेताचा, म्हणून उन्हाळाभर खेळाडू गावातल्या घरांत राहत. हा ट्रॅव्हिस. आयोवातल्या मक्याच्या शेतातून आलेला, मावशींपेक्षा दीड हात उंच आणि अंगाने काटकुळा.

"याला घरी कुणी वाढत नाही का?" मावशींनी त्याच्याकडेच बघत मराठीत विचारलं.

दुसऱ्या सकाळपासून दुधाबरोबर एक लाडू सुरू झाला. जुलैपर्यंत ट्रॅव्हिसचे खांदे भरले आणि त्याचे चेंडू कुंपणापार जाऊ लागले.

पण ते दिवसच वाईट होते. मोठमोठ्या खेळाडूंची नावं उत्तेजक औषधांच्या प्रकरणांत रोज टीव्हीवर येत होती. चेंडू कुंपणापार गेला की लोक टाळ्या वाजवण्याआधी एकमेकांकडे बघत. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडे, "काय टोचून घेतोस रे?" मावशी वळून त्याला मराठीत उत्तर देत. ते त्याला कळत नसे, पण तो गप्प बसे.

ऑगस्टमध्ये एका मोठ्या क्लबने ट्रॅव्हिसला मागणी घातली. अट एकच होती. जेवणाबाहेर तो जे काही खातो ते सगळं एका फॉर्मवर लिहायचं. प्रामाणिक मुलगा. त्याने लिहिलं, 'एक तपकिरी गोळा, रोज सकाळी. त्यात डिंक आहे म्हणतात.'

तासाभरात संघाच्या ट्रेनरचा फोन आला. त्या गोळ्यात काय काय आहे त्याची संपूर्ण यादी आणि खाली फार्मसिस्टची सही, आज चार वाजेपर्यंत. नाहीतर क्लब पुढचं नाव बघेल.

"डिंक म्हणजे काय हे कळणारी फार्मसिस्ट इथे एकच आहे," उल्हासकाका म्हणाले.

तीन वाजता नीलांबरी पांढऱ्या कोटातच आली. मावशींनी कागदावर डिंक, खारीक, खोबरं, गूळ, तूप, दाण्याचं कूट असं लिहून पुढे सरकवला.

"सहाच?" नीलांबरी म्हणाली.

"सहाच तर असतात."

"पद्मजाताई, मी सही करते म्हणजे माझं लायसन्स पणाला लावते. यापलीकडे काही निघालं तर मी गेले आणि हाही गेला."

ट्रॅव्हिस टेबलाच्या टोकाला बसला होता. त्याला शब्द कळत नव्हते, पण कागद कळत होता. "मौशी," तो इंग्रजीत म्हणाला, "मी आतापर्यंत कधीच काही लपवलेलं नाही. तेवढंच माझ्याजवळ आहे."

काका खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "पदू, तुझ्या सासूबाई काही रागावणार नाहीत. त्यांनी जन्मात लाडू केले नाहीत."

"तुम्ही गप्प बसा!"

घड्याळात साडेतीन झाले. मावशी उठल्या. पिठांच्या डब्यांमागे हात घालून त्यांनी एक बरणी काढली आणि टेबलावर अशी ठेवली, जसं कुणी पोलिसांपुढे हत्यार ठेवावं. पीनट बटर. सुपरमार्केटमधलं, मोठ्या साइझचं.

"इथल्या पहिल्या थंडीत लाडू वळेचनात," त्या बरणीकडे बघत म्हणाल्या. "पाहुणे दारात होते. हाताला हेच लागलं."

नीलांबरीने चष्मा लावून बरणीवरचं लेबल वाचलं. मग यादीत सातवी ओळ लिहिली, खाली सही केली, आणि कागद ट्रॅव्हिसच्या हातात दिला. तो धावतच गाडीकडे गेला. फाटक वाजलं.

नीलांबरीने पेनाचं टोपण लावलं.

"स्मूथ की क्रंची?"

"क्रंची," मावशी म्हणाल्या. "पण मंडळात बोलू नकोस."

"छे, मी कशाला बोलू?" नीलांबरी म्हणाली. "माझेही आता वळले जातील."