बर्फाशिवाय नेलेलं रक्त

मी लेखक नाही, डॉक्टर तर मुळीच नाही. आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच, एवढ्यावर लिहायचं धाडस करतोय, सांभाळून घ्यावं. बाजारातल्या ओल्या बर्फाचा वास आला की नव्वदीच्या दशकातली, खाडीकाठच्या बोनकोडे गावातली एक दुपार आठवते. मेंदूत गुठळी अडकून बाबांचा डावा हात लुळा पडला होता. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असूनही रक्तातल्या प्लेटलेट पेशी एकमेकींना चिकटत असतील तर दुसरा झटका येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. कंपाउंडरनं घरी येऊन काढलेलं रक्त मला खाडीपलीकडच्या लॅबमध्ये न्यायचं होतं. निघताना घरमालकीण काकू बर्फाचा डबा घेऊन दारात आल्या. “यात ठेव रं. बर्फाबिगर मासली नाय टिकत, रगत कसा टिकंल?” आई म्हणाली, “त्यांचं ऐक की.” मोठ्यांपुढे मी कधी बोललो नव्हतो, पण त्या दिवशी म्हणालो, “काकू, डॉक्टरांनी सांगितलंय, गार झालं तर पेशी उगाच चिकटतात, रिपोर्ट खोटा येईल.” “दोन बुका शिकला नि आमाला शिकवतो,” असं म्हणत त्या बाजूला झाल्या. बसमध्ये प्रत्येक खड्ड्याला मी नळी दोन्ही हातांत सांभाळत होतो. डॉक्टरांचं बोलणं मीच चुकीचं ऐकलं असेल तर? रिपोर्ट यायला काही दिवस लागले. शेवटी बाबाच दवाखान्यातून आले आणि उंबऱ्यावर टेकत म्हणाले, “पेशी चिकटत न्हाईत म्हणं. हीच गोळी चालू ठेवायची.”